थकलेल्याचे ओझे आधी उतरवा
साहस-शर्यतीत धावणे, सायकल आणि कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) हे टप्पे बहुधा चार जणांच्या संघाला एकत्रच पार करावे लागतात आणि शेवटचा सदस्य पोहोचतो तीच संघाची वेळ धरली जाते; म्हणून इंदूरच्या आपल्या मंडळींनी महूजवळच्या जानापावच्या चढावर सराव करताना, ताज्या दमाच्या सदस्याने थकलेल्याची पाठपिशवी उचलावी, ही सवय आतापासूनच लावून घ्यावी. पिशवी देण्यात कमीपणा वाटून अनेक जण गप्प राहतात, आणि माझ्या मते संघ मागे पडतो तो तिथेच. त्यासाठी दर अर्ध्या तासाने प्रत्येकाने आपल्या दमाला 10 पैकी गुण मोठ्याने सांगावेत. आकडा 5 च्या खाली गेला की परवानगीची वाट न पाहता ओझे काढून घ्यावे. वाट शोधतानाही भार असाच वाटून घ्यावा: नकाशा एकाने वाचावा, दुसऱ्याने पडताळावा.