आरसी (रिमोट कंट्रोल) गाडीला पॉवर वाढवायचीय? आधी काट्यावर ठेवा

आमच्या सांगलीत 1/10 स्केलची (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढी) आरसी गाडी घेतलेला प्रत्येक जण महिन्याभरात एकच विचारतो, दादा स्लो वाटतीय, कुठली मोटर टाकू. मोटर सगळ्यात शेवटी टाका. मी उलटं केलं होतं, एका रविवारी कुपवाड एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर गाडीला थेट 3एस बॅटरी (तीन सेलची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर) लावली, पहिल्या दोन पळतीत लई भारी वाटलं आणि तिसऱ्याला डिफच्या (डिफरन्शियल, दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी) आतले प्लास्टिकचे गिअर पार गुळगुळीत झाले. पॉवर वाढली की ती गाडीतला सगळ्यात कच्चा पार्ट शोधून तिथंच तोडते, म्हणून आधी गाडी हलकी आणि मोकळी करा.

पहिलं काम, काटा आणा. सराफाकडं असतो तसला छोटा डिजिटल काटा पार्टसाठी आणि स्वयंपाकघरातला अख्ख्या गाडीसाठी. बॅटरी, बॉडी, चाकं, मोटर सगळं वेगवेगळं मोजून वहीत लिहा. हे केलं की निम्मे गैरसमज तिथंच संपतात, कारण ते निळे-लाल चकचकीत अल्युमिनियमचे पार्ट आपण अपग्रेड म्हणून घेतो ना, ते बऱ्याचदा मूळच्या प्लास्टिकपेक्षा जड निघतात. मोटर माउंट (ज्याला मोटर स्क्रूनं बसते तो भाग) तेवढा अल्युमिनियमचा घ्या, तो मोटरची उष्णता ओढून घेतो, बाकी आर्म (चाक धरणारे सस्पेन्शनचे हात) वगैरे प्लास्टिकचेच राहू द्या, धडकेत प्लास्टिक वाकून परत जागेवर येतं.

मग बेअरिंग. बऱ्याच किटमध्ये चाकाला आणि गिअरबॉक्समध्ये बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश (साध्या रिंगा) येतात (तामियाची टीटी-02 गाडी घेतलेल्यांना माहीत असेल), ते काढून बॉल बेअरिंग घाला. 5 मिमी आतून, 11 मिमी बाहेरून, 4 मिमी जाडी ही साइज खूप गाड्यांना चालते, पण घ्यायच्या आधी आपल्या गाडीत नक्की कुठली बसते ते मॅन्युअलमध्ये बघा. चाक बोटानं फिरवलं की किती वेळ फिरतंय ते आधी आणि नंतर बघा, फरक दिसतोच. बाकी सगळ्या खर्चाच्या मानानं हे स्वस्त आहे आणि मोटर न बदलता स्पीड आणि बॅटरीचा टाइम दोन्ही वाढतं.

वजनाचं म्हणाल तर सगळ्यात मोठी कपात बॅटरीत. सहा सेलची 7.2 व्होल्टची निमएच (निकेल मेटल हायड्राइड) बॅटरी साधारण 350 ते 400 ग्रॅम भरते, 2एस शॉर्टी लायपो (दोन सेलची, आखूड) त्याच्या निम्म्याच्या आसपास. शॉर्टी लावली की ती ट्रेमध्ये पुढं-मागं सरकवता येते, मग बॅलन्स हवा तसा बसतो, फक्त फोम लावून घट्ट बसवा. त्यानंतर टायर आणि रिम, कारण फिरणारं वजन मोटरला दोनदा महाग पडतं, पुढंही ढकलायचं आणि गोलही फिरवायचं. मग बॉडी. पातळ पॉलिकार्बोनेटची बॉडी घ्या, रंग आतून द्या आणि हलके हात मारा, थरावर थर चढवला की तेवढं वजन डोक्यावर बसतं. बॉडी ज्यावर बसते ते वर आलेले पोस्ट (खांब) कापा, बॉडी जितकी खाली बसेल तितकी गाडी वळणात कमी कलंडते. टायटॅनियमचे स्क्रू सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. आणि पुढचा फोम बंपर कापू नका, दहा ग्रॅमसाठी आर्म गमावाल.

कार्बन फायबरची प्लेट कुणी कापणार असेल तर ओली करून कापा, तोंडाला मास्क लावा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका.

आता पॉवर. ब्रशलेस मोटर (आत कार्बनचे ब्रश नसलेली) आणि ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) जोडीनंच घ्या, जुन्या ब्रशवाल्या ईएससीवर ब्रशलेस चालत नाही. 3650 साइजची (36 मिमी व्यास, 50 मिमी लांबी) मोटर मूळच्या 540 साइजच्या मोटरच्या जागी बसते, स्क्रूची भोकं तीच, 25 मिमी अंतरावर. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, माउंटचा स्क्रू लांब असला तर आत जाऊन वाइंडिंगला (आतल्या तांब्याच्या तारांना) टेकतो आणि मोटर सुरू करताच जळू शकते. केव्ही म्हणजे दर व्होल्टला किती आरपीएम, 3300 केव्हीची मोटर 2एसवर म्हणजे 7.4 व्होल्टला बिनलोड 24,420 आणि 3एसवर 36,630. मोटर तीच, बॅटरी बदलली की दीडपट, म्हणूनच माझे गिअर गेले.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते पिनियनला (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर). मोटर फास्ट झाली की पिनियन लहान करायचा असतो, आपले लोक स्पीडच्या हव्यासापायी मोठा लावतात आणि मग मोटर भट्टीसारखी तापते. लहान पिनियनपासून सुरू करून एकेक दात वाढवत जा, पाच मिनिटं पळवा, मोटरचं टेम्परेचर बघा, 80 अंशाच्या वर गेलं की एक दात मागं या. आपल्याकडं एप्रिल-मेच्या उन्हात हे जरा आधीच होतं, त्यामुळं जानेवारीत बसवलेलं गिअरिंग उन्हाळ्यात जसंच्या तसं चालेल असं समजू नका. स्पर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आणि पिनियनचा पिच (दातांचा आकार) एकच पाहिजे, आणि दोघांच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करा, मग पट्टी फिरवून काढा, बरोबर तेवढी फट राहते.

बॅटरीचा जुना पांढरा कनेक्टर या करंटला वितळतो, तो काढून एक्सटी60 (जास्त करंट झेलणारा कनेक्टर) लावा. ईएससीची बॅटरीकडची वायर कापून आखूड करा, वाढवू मात्र नका, लांब वायरनं व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ईएससीचे कॅपेसिटर मरतात.

लायपोबद्दल खरंच कळकळीनं सांगतो. ईएससीत लायपो मोड (व्होल्टेज फार उतरलं की गाडी थांबवणारी सेटिंग) चालू करा, सेल 3.2 व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, बॅलन्स चार्जरवरच (सगळे सेल सारखे भरणारा) चार्ज करा आणि 4000 एमएएचच्या पॅकला 4 अँपिअरच्या वर जाऊ नका. आठवडाभर वापरणार नसाल तर सेल 3.8 व्होल्टवर ठेवा. फुगलेला पॅक घरात ठेवूच नका. चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नका, झोपू तर अजिबात नका, घरात लहान पोरं असतात.

आणि हरिपूरला संगमाच्या बाजूला पळवत असाल तर घरी आल्या आल्या ब्रशनं साफ करा, तो नदीचा बारीक गाळ बेअरिंगच्या शील्डमधून (बाजूच्या झाकणातून) आत जातो आणि दुसऱ्या दिवशी चाक करकरायला लागतं. पाणी मारू नका. बेअरिंग काढून पेट्रोलमध्ये, उघड्यावर, खळखळून घ्या आणि पातळ तेलाचा एकच थेंब टाका.