डिसेंबरचं पोरगं संघाबाहेर का राहतं? फुटबॉल निवडीतल्या या चुका टाळा

एखाद्या नावाजलेल्या फुटबॉल अकादमीतल्या १३-१४ वर्षांच्या मुलांची यादी घ्या आणि नावांऐवजी जन्ममहिने वाचत जा. वयोगट ज्या दिवसापासून मोजतात ती कट-ऑफ तारीख १ जानेवारी असेल, तर बहुतेक वेळा जानेवारी ते मार्चची मुलं भरभरून सापडतील आणि ऑक्टोबर ते डिसेंबरची शोधावी लागतील.

यालाच सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. १९८० च्या दशकात कॅनडातल्या आइस हॉकीत हा प्रकार आधी लक्षात आला, मग फुटबॉलमध्येही देशोदेशी तेच दिसलं. इंग्लंडमध्ये वयोगट १ सप्टेंबरपासून मोजतात, म्हणून तिथल्या अकादम्यांत सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मुलांची गर्दी. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, तर तिथे एप्रिलपासून पुढच्या महिन्यांची चलती. राशी-नक्षत्रांचा इथे काही हात नाही. तारीख सरकली की भाग्यवान महिनेही सरकतात.

कारण साधं आहे. एकाच वयोगटातल्या दोन मुलांत जवळजवळ १२ महिन्यांचं अंतर असू शकतं. आठ वर्षांच्या मुलासाठी ते आजवरच्या आयुष्याचा आठवा हिस्सा झालं. तेवढ्या काळात उंची, वजन, धाव, कोचने सांगितलेलं समजून घेण्याची ताकद, सगळंच पुढे जातं. मोठं मूल निवडलं जातं, त्याला चांगला कोच, जास्त सराव आणि तगडे प्रतिस्पर्धी मिळतात. दोन वर्षांनी ते खरोखरच सरस झालेलं असतं, आणि निवड करणारा म्हणतो, "बघा, माझी नजर चुकली नव्हती." गोम इथेच आहे: निवड चुकली होती की बरोबर, हे तपासायला दुसरं मूल मैदानावर उरलेलंच नसतं.

"आम्ही तारीख बघत नाही, फक्त खेळ बघतो"

हे अभिमानाने सांगितलं जातं, आणि पहिली चूक हीच. तारीख न बघणारा माणूस तारखेचा परिणाम मात्र डोळे भरून बघत असतो.

ट्रायलमधला नेहमीचा प्रसंग घ्या. मागून लांब पास येतो, दोन मुलं धावतात. त्यातला दणकट मुलगा खांद्याने दुसऱ्याला बाजूला सारतो, चेंडू गाठतो, पुढे ढकलतो आणि पुन्हा पळत सुटतो. कोचच्या वहीत नोंद होते: "वेग, जिद्द." पास यायच्या आधी दुसऱ्या मुलाने दोनदा मान वळवून मागे पाहिलं होतं. अंग अर्धं वळवून पहिल्याच स्पर्शात बाहेर निघायची त्याची तयारी होती. ते वहीत येत नाही, कारण चेंडू त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

यावर उपाय दोन. एक, वहीत दोन वेगळे रकाने करा. अंगावर अवलंबून असलेल्या गोष्टी (वेग, उडी, टक्कर) एकीकडे. पहिला स्पर्श, पास देण्याची वेळ, मान वळवून बघण्याची सवय, चेंडू हातचा गेल्यावर काय केलं, हे दुसरीकडे. दोन्हींची बेरीज करू नका, नाहीतर पहिला रकाना दुसऱ्याला गिळतो. दुसरा उपाय, मोठ्या मैदानावर ११ विरुद्ध ११ खेळवून लहान मुलं निवडणं बंद करा. छोट्या मैदानावर ४ विरुद्ध ४ खेळवलं की लांब चेंडू आणि लांब टांगा यांचा भाव उतरतो, आणि प्रत्येक मुलाच्या पायाला चेंडू कितीतरी जास्त वेळा लागतो.

जन्मतारखांची यादी दिली, म्हणजे काम झालं?

नाही झालं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलंड्समधल्या एका नामांकित अकादमीच्या स्काउट्सना, म्हणजे होतकरू खेळाडू हेरणाऱ्यांना, मुलांचे सामने दाखवून त्यांचं मूल्यमापन करायला सांगितलं होतं. वयाची काहीच माहिती दिली नाही, तेव्हा मोठ्या मुलांकडे कल दिसला. जन्मतारखा हातात दिल्या, तरी तो कल गेला नाही. मग जर्सीचे नंबर वयाच्या क्रमाने लावले आणि तसं स्काउट्सना सांगितलं, तेव्हा मात्र तो नाहीसा झाला.

मला या विषयातली ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट वाटते, आणि तिला खर्चही जवळजवळ काही नाही. कागदावरची तारीख वाचून मनातल्या मनात वजाबाकी करायला खेळ चालू असताना कुणाला फुरसत असते? पाठीवरचा नंबर मात्र मुलाबरोबरच पळतो. तुमच्या पुढच्या ट्रायलला सगळ्यात मोठ्या मुलाला १ नंबर द्या आणि तिथून उतरत्या वयाने सगळ्यात धाकट्यापर्यंत या. निवड करणाऱ्यांना हे खेळ सुरू होण्याआधी सांगा. सांगितलंच नाही, तर नंबर नुसते नंबर राहतात.

कोचेसचं एखादं शिबिर घेऊन "जागरूकता वाढवली" म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर लक्षात ठेवावा. माहिती असणं आणि ऐन वेळी ती डोळ्यांपुढे असणं यात फरक पडतो.

जन्ममहिना आणि शरीराची वाढ यांची गल्लत

ही चूक जाणकारही करतात. जन्ममहिना कॅलेंडर ठरवतं आणि तो कायमचा असतो. वयात येण्याचा वेग ठरतो मुख्यतः आनुवंशिकतेने. मुलांची उंची सर्वात झपाट्याने वाढते ती साधारण १४ व्या वर्षाच्या आसपास, मुलींची १२ च्या सुमारास. पण हे सरासरीचे आकडे आहेत आणि एकेका मुलात मागेपुढे बराच फरक पडतो. त्यामुळे जानेवारीत जन्मलेलं मूल उशिरा वाढणारं असू शकतं आणि डिसेंबरचं लवकर मिशा फुटलेलं.

फ्रान्सचा फुटबॉलपटू आंत्वान ग्रीझमानचा जन्म २१ मार्च १९९१ चा, म्हणजे वर्षाच्या पहिल्या तिमाहीतला. महिन्याच्या हिशोबाने तो नशीबवान. तरीही फ्रान्समधल्या अकादम्यांनी त्याला चणीने लहान म्हणून नाकारलं आणि त्याला स्पेनमध्ये रेआल सोसिएदाद या क्लबकडे जावं लागलं. नुसता जन्ममहिना बघणाऱ्या क्लबनेही त्याला सोडलंच असतं.

म्हणून आधी आजार ओळखा, मग औषध द्या. आठ-नऊ वर्षांच्या गटात असमतोल दिसत असेल, तर तो जवळजवळ सगळा महिन्यांचा खेळ आहे. तिथे जर्सीचे नंबर, किंवा वर्षाच्या दोन अर्ध्या भागांची वेगळी ट्रायल कामी येते. साधारण १२ ते १५ च्या गटात वाढीचा वेगही येऊन मिळतो आणि बऱ्याचदा तोच जास्त बोलतो. तिथे बायो-बँडिंग, म्हणजे वयाऐवजी शारीरिक वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून खेळवणं, उपयोगी ठरतं. मुलाचं वय, उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून त्याची प्रौढपणीची उंची अंदाजे काढतात आणि आज तो तिच्या किती टक्क्यांवर आहे ते बघतात. इंग्लंडमधल्या अकादम्यांच्या एका स्पर्धेत ८५ ते ९० टक्क्यांच्या टप्प्यातली ११ ते १४ वर्षांची मुलं एकत्र खेळवली गेली. लवकर वाढलेल्या मुलांनी नंतर सांगितलं की अंगाच्या जोरावर काम भागेना, तेव्हा कौशल्य आणि डोकं जास्त वापरावं लागलं. उशिरा वाढणाऱ्यांना आपला खेळ दाखवायला मोकळीक मिळाली.

इथे तीन ठिकाणी घसरायला होतं. आईवडिलांची उंची तोंडी विचारून लिहू नका, पट्टीने मोजा. स्वतःची उंची माणसं हमखास वाढवून सांगतात. बायो-बँडिंगचे सामने अधूनमधून ठेवा, नेहमीचा वयोगट मोडू नका, कारण १४ वर्षांच्या मुलाला १२ वर्षांच्या मुलांत कायमचं बसवलं तर ते मनाने खचतं. आणि कुठल्या गटात का टाकलं, हे मुलाला आधी समजावून सांगा.

तारीखच बदलू या

कमिटीच्या बैठकीत हा ठराव हटकून येतो. बेल्जियममध्ये १९९७ साली कट-ऑफ १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली गेली. परिणाम गेला नाही, ऑगस्टच्या मुलांकडचा फायदा जानेवारीच्या मुलांकडे गेला, इतकंच. पुढे जाऊ.

मोजणी चुकीच्या जागी

आपल्याकडे हा प्रश्न आहे का, हे बघायला बहुतेक क्लब एका संघातली २० मुलं मोजतात. एवढ्या छोट्या आकड्यात योगायोगानेही कमीजास्त होतं. मागच्या चार-पाच वर्षांच्या सगळ्या याद्या एकत्र करून तिमाहीवार मोजा. आणि मोजायचं तीनदा: ट्रायलला आलेली मुलं, निवडलेली मुलं, वर्षअखेर उरलेली मुलं.

असमतोल पहिल्याच यादीत असेल, तर तुमच्या कोचेसना दोष देऊन फायदा नाही. धाकटी मुलं दारापर्यंतच येत नाहीयेत, शाळा आणि छोट्या क्लबांशी बोलावं लागेल. दुसऱ्या यादीत वाढत असेल, तर ट्रायल दुरुस्त करा. तिसऱ्यात वाढत असेल, तर सामन्यांत कुणाला किती मिनिटं मिळतात ती वही काढा. धाकटी मुलं संघात असूनही बाकावर बसत असतील, तर ती एक दिवस यायची बंद होतात. अशा क्लबात कोचचं मूल्यमापन १२ वर्षांखालच्या लीगमधल्या विजयांवर होतं का, तेही विचारा. होत असेल, तर तो दणकट मुलंच खेळवणार. त्याचं काय चुकलं?

"खरा हिरा आपोआप चमकतो"

हॅरी केनचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं. जन्म २८ जुलै १९९३, म्हणजे इंग्लंडच्या हिशोबाने वयोगटाच्या शेपटाकडचा. आर्सेनलने लहानपणी सोडलेला. पुढे इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. क्रोएशियाचा लुका मॉड्रिचही सप्टेंबरचा, लहान चणीचा, तिथल्याच हायदुक स्प्लिट क्लबने नाकारलेला, आणि २०१८ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकलेला.

धाकटी असूनही अकादमीत टिकलेली मुलं पुढे बरोबरीने किंवा सरस ठरताना दिसतात, हे खरं. मोठ्या मुलांशी रोज झुंजून ती तयार होतात, असं एक स्पष्टीकरण आहे. दुसरं असं की त्या वयात निवडून यायला त्यांना मुळातच जास्त चांगलं असावं लागलं. दोन्हींतून मुलाला मुद्दाम मागे ठेवावं असा अर्थ निघत नाही. जी सोडून गेली, त्यांची मुलाखत कुणी छापत नाही.

उलट बाजूही आहे. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेला, लवकर वाढलेला मुलगा १४ पर्यंत अंगाच्या जोरावर जिंकतो, कमजोर पाय वापरतच नाही. बाकीचे उंचीने गाठतात तेव्हा त्याच्याकडे काही उरत नाही. त्याला अधूनमधून वरच्या वयोगटात खेळवा.

आणि एखाद्या मुलाला सोडायची वेळ आलीच, तर त्याच्या फाइलमध्ये जन्मतिमाही, दर तीन-चार महिन्यांनी मोजलेली उंची आणि कौशल्याचा रकाना, तिन्ही एकत्र ठेवून मगच सही करा. उंचीची झेप अजून यायची असेल, तर पुढच्या ट्रायलची तारीख त्याच पत्रात लिहून द्या.