वजनाच्या व्यायामानंतर स्नायू उडत असतील तर कारण कसे शोधावे आणि काय करावे

दंडाचा किंवा मांडीचा जड व्यायाम करून घरी आल्यावर, जेवून आडवे पडले की त्या स्नायूचा एखादा भाग आपोआप उडू लागतो, हा अनुभव जिममध्ये किंवा तालमीत नियमित जाणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. त्वचेखाली काहीतरी फुरफुरताना दिसते, पण हात हलत नाही आणि दुखतही नाही. काही सेकंदांनी ते थांबते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. बहुसंख्य वेळा हा प्रकार निरुपद्रवी असतो. तरीही केवळ ‘काही होत नाही’ असे ऐकून समाधान होत नाही, कारण उडणे चालू राहिले की माणूस रात्री मोबाइलवर दुर्मीळ आजारांची नावे वाचत बसतो. आपल्या बाबतीत कारण कोणते आहे हे थोड्या शिस्तीने शोधता येते, आणि कोणत्या लक्षणाकडे दुर्लक्ष करू नये हेही आधी ठरवून ठेवता येते.

सर्वप्रथम आपल्याला नेमके काय होते आहे ते ओळखावे, कारण तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. स्नायूचा छोटासा भाग वेदनेशिवाय फडफडतो, त्याला आपण उडणे किंवा लवणे म्हणतो. पोटरीत वांब येतो किंवा मांडीत गोळा येतो तेव्हा संपूर्ण स्नायू घट्ट आवळला जातो, तो हाताला दगडासारखा लागतो आणि तीव्र वेदना होतात. तिसरा प्रकार थरथरीचा आहे. शेवटच्या सेटमध्ये डंबेल वर नेताना हात कापतो किंवा बैठकांनंतर जिना उतरताना पाय लटपटतात, ती थकव्याची थरथर असते आणि विश्रांती मिळाली की थोड्या वेळात ओसरते. या लेखाचा मुख्य विषय पहिला प्रकार आहे. गोळा येण्याचा उल्लेख वाटेत येईल, कारण दोन्हींची कारणे बऱ्याच अंशी एकच आहेत.

स्नायूतील तंतू स्वतःहून काम करत नाहीत. मज्जारज्जूतून निघालेली एक चेतापेशी अनेक तंतूंना मिळून एक आज्ञा पोहोचवते आणि ते सर्व तंतू एकाच वेळी आकुंचन पावतात. उडणे म्हणजे अशा एखाद्या चेतापेशीने, बहुतेकदा तिच्या स्नायूजवळच्या टोकाकडून, आज्ञा नसताना दिलेला संदेश. जड व्यायामानंतर चेतातंतूंची ही टोके काही काळ अधिक संवेदनशील झालेली असतात. झोप, कॅफीन, क्षारांचे प्रमाण आणि मानसिक ताण यांचाही त्यांच्यावर परिणाम होतो. म्हणूनच या तक्रारीमागे सहसा एकच कारण नसते. दोन-तीन लहान कारणे एकाच आठवड्यात एकत्र आलेली असतात.

व्यायामाचा भार आधी तपासावा

माझ्या मते शोधाची सुरुवात औषधाच्या दुकानातून न करता व्यायामाच्या वहीतून करावी. गेल्या दोन आठवड्यांत वजन एकदम वाढवले का, नवीन व्यायाम सुरू केला का, मोठ्या खंडानंतर पुन्हा पूर्वीच्याच वजनाने सुरुवात केली का, प्रत्येक सेट हात उचलेनासा होईपर्यंत ओढला का, हे प्रश्न स्वतःला विचारावेत. वजन खाली आणताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो आणि तंतूंची सर्वाधिक झीज याच टप्प्यात होते. स्क्वॉटमध्ये हळूहळू खाली बसणे किंवा बारबेल सावकाश खाली आणणे ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. त्यानंतरचे दुखणे १२ ते २४ तासांनी सुरू होऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते आणि त्याच काळात उडणेही वाढू शकते.

उपाय सोपा आहे, पण उत्साही माणसाला तो पचत नाही. जो स्नायू उडतो त्याला पुन्हा जड व्यायाम देण्यापूर्वी किमान ४८ तासांची विश्रांती द्यावी, एक आठवडा सेटची संख्या साधारण निम्मी करावी आणि प्रत्येक सेटमध्ये दोन-तीन रेप्स (वजन उचलण्याच्या आवृत्त्या) शिल्लक ठेवून थांबावे. नंतर वजन वाढवायचे ते ठरलेल्या रेप्सपेक्षा एक-दोन जास्त सहज होऊ लागल्यावरच, आणि तेही एका वेळी २ ते १० टक्क्यांच्या मर्यादेत. लहान स्नायूंसाठी खालची आणि मोठ्या स्नायूंसाठी वरची मर्यादा धरावी.

झोप आणि कॅफीन

ही दोन कारणे एकत्र मांडली आहेत, कारण व्यवहारात ती एकमेकांना धरूनच येतात. नोकरी करून रात्री नऊला जिममध्ये जाणारा तरुण त्यापूर्वी प्री-वर्कआउटची भुकटी पाण्यात घालून पितो, साडेदहाला घरी येतो, एक-दीडपर्यंत त्याला झोप लागत नाही आणि सकाळी तो चहावर चहा घेऊन दिवस काढतो. कॅफीन घेतल्यानंतर साधारण पाच तासांनीही त्याचा निम्मा भाग शरीरात असतो, त्यामुळे रात्री साडेआठला घेतलेला डोस मध्यरात्रीनंतरही काम करत राहतो.

निरोगी प्रौढ व्यक्तीने दिवसाला ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्री-वर्कआउटच्या अनेक उत्पादनांत एका चमच्यातच १५० ते ३०० मिलिग्रॅम असते. भारतातील नियमांनुसार कॅफीनयुक्त पेयांत दर लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या एका डब्यात जास्तीत जास्त ७५. त्यावर चार-पाच कप चहा आणि एखादी कॉफी मिळवली की ४०० चा आकडा नकळत ओलांडला जातो. गर्भवती स्त्रियांसाठी आणि हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांसाठी मर्यादा याहून कमी असते.

येथे करावयाचे काम असे की, भुकटीच्या डब्यावरचा कॅफीनचा आकडा वाचावा आणि तो छापलेलाच नसेल तर ते उत्पादन वापरू नये. दुपारी दोननंतर कॅफीन बंद करावे. एकदम बंद केल्यास दोन-तीन दिवस डोके दुखते, म्हणून आठवडाभरात टप्प्याटप्प्याने कमी करावे. रात्री सात ते नऊ तास झोप मिळेल अशा रीतीने व्यायामाची वेळ शक्यतो संध्याकाळी लवकर किंवा सकाळी ठेवावी. एवढ्यानेच अनेकांचे उडणारे स्नायू शांत होतात.

घाम, पाणी आणि मीठ

कोकणातील दमट हवेत किंवा विदर्भातील उन्हाळ्यात, पंख्याखालच्या लहानशा जिममध्ये तासभर व्यायाम केला तर अर्ध्यापासून दीड लिटरपर्यंत घाम सहज जातो. आपला घाम मोजण्याची सोपी रीत आहे. व्यायामापूर्वी आणि नंतर, अंग पुसून, शक्य तितक्या कमी कपड्यांत वजन करावे. मध्ये लघवीला न जाता आणि पाणी न पिता जेवढे वजन कमी भरेल तेवढा घाम गेला असे समजावे, कारण १ किलो म्हणजे जवळजवळ १ लिटर. मध्ये पाणी प्यायले असेल तर तेही त्यात मिळवावे. ही घट शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, म्हणजे ७० किलोच्या व्यक्तीसाठी १.४ किलोच्या आत.

घामातून मुख्यतः सोडियम जाते. प्रमाण व्यक्तीनुसार खूप बदलते, पण १ लिटर घामात ते साधारण १ ग्रॅमच्या आसपास असते. पोटॅशियम त्यामानाने थोडेच, सुमारे २०० मिलिग्रॅम, आणि मॅग्नेशियम तर त्याहून कितीतरी कमी. म्हणून काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे डाग उमटत असतील तर केवळ पाणी न पिता मीठ घातलेले लिंबू सरबत, कोकम सरबत किंवा पातळ ताक घ्यावे. ओआरएस घ्यायचे असल्यास पाकीट १ लिटरचे आहे की २०० मिलिलिटरचे ते वाचून तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवावे, अंदाजाने चमचा-चमचा घालू नये. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मिठाचा हा सल्ला डॉक्टरांना विचारल्याशिवाय अमलात आणू नये. उलट टोकाला जाऊन तासाभरात तीन-चार लिटर साधे पाणी पिणे हेही धोक्याचे आहे, कारण त्यामुळे रक्तातील सोडियम घसरते आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण इथपासून झटक्यांपर्यंत परिणाम होऊ शकतात.

केळी आणि मॅग्नेशियमची गोळी

स्नायू उडतात असे सांगितले की ट्रेनर केळी खायला सांगतो आणि मित्र मॅग्नेशियमची गोळी सुचवतो. केळे हे व्यायामानंतरचे उत्तम खाणे आहे, पण रक्तातील पोटॅशियम मूत्रपिंडे काटेकोरपणे सांभाळतात, आणि दोन वेळा नीट जेवणाऱ्या निरोगी माणसात ते केवळ व्यायामामुळे कमी होणे दुर्मीळ आहे. मॅग्नेशियमची खरी कमतरता स्नायू उडवते, यात शंका नाही. ती प्रामुख्याने दीर्घकाळचे जुलाब, नियमित मद्यपान किंवा वर्षानुवर्षे घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या यांमुळे होते. ज्येष्ठ नागरिकांच्या पायांत येणाऱ्या वांबांवर मॅग्नेशियम देऊन केलेल्या चाचण्यांत उल्लेखनीय फायदा दिसलेला नाही. म्हणून तपासणीआधी गोळी सुरू करण्याऐवजी ताट सुधारावे, हे मला अधिक योग्य वाटते. बाजरी, नाचणी, डाळी, तीळ, पालक, भोपळ्याच्या बिया यांत मॅग्नेशियम भरपूर असते. ३० ग्रॅम शेंगदाण्यांतूनही ५० ते ६० मिलिग्रॅम मिळते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मॅग्नेशियम किंवा पोटॅशियमच्या गोळ्या स्वतःहून घेणे धोकादायक आहे.

पूर्ण शाकाहारी व्यक्तींनी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ ची तपासणी करून घ्यावी, विशेषतः हातापायांना मुंग्या येत असतील तर.

औषधे आणि जिममधील पुड्या

दम्याच्या पंपातील साल्बुटामॉलमुळे हात थरथरतात आणि जास्त मात्रेत पोटॅशियमही घटते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या क्षार कमी करतात. अशी औषधे स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलावे. ‘फॅट बर्नर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांपासून मात्र पूर्णपणे दूर राहावे. याच कामासाठी विकले जाणारे क्लेनब्युटेरॉल हे औषध चरबी घटवण्यासाठी मान्यताप्राप्त नाही, खेळाडूंसाठी ते प्रतिबंधित आहे आणि ते हृदयावर गंभीर परिणाम करू शकते. कोणी ते देऊ केले तर घेऊ नये.

ग्रामीण भागातील व्यायाम करणाऱ्या तरुणांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. शेतात कीटकनाशक फवारल्यानंतर स्नायू उडू लागले आणि त्यासोबत तोंडाला लाळ सुटणे, खूप घाम, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, उलटी किंवा छातीत घरघर असेल तर त्याचा व्यायामाशी संबंध जोडत बसू नये. ती विषबाधा असू शकते. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, कीटकनाशकाचा डबा किंवा त्यावरील लेबल सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जावे.

उडत असताना लगेच काय करावे

तो स्नायू हलका हलवावा, २० ते ३० सेकंद सावकाश ताणून धरावा, दहा मिनिटे चालावे, कोमट पाण्याने शेकावे. वांब आला असेल तर गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा हाताने आपल्याकडे ओढावा. उडणारी जागा सतत दाबून पाहणे आणि ताकद गेली का हे तपासण्यासाठी दिवसातून अनेकदा वजन उचलून बघणे टाळावे, कारण त्यामुळे तो स्नायू आणखी थकतो आणि भीतीही वाढते. भीतीने श्वास जलद होऊ लागला की ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, उडणे वाढते, आणि माणसाला आजार पसरतो आहे असे वाटते. अशा वेळी पाच मिनिटे सावकाश, लांब उच्छ्वास सोडत बसावे.

कारण शोधण्यासाठी दोन आठवडे एक साधी नोंद ठेवावी: कोणता व्यायाम केला, किती तास झोप झाली, कॅफीन किती व केव्हा घेतले, कोणता स्नायू उडाला. पहिल्या आठवड्यात फक्त व्यायाम कमी करावा आणि दुसऱ्या आठवड्यात कॅफीन. सर्व बदल एकाच दिवशी केले तर कशाचा उपयोग झाला हे कळत नाही. निरुपद्रवी उडणेही काही आठवडे, कधी काही महिने, अधूनमधून चालू राहू शकते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

महत्त्वाचे लक्षण उडणे नव्हे, अशक्तपणा हे आहे. थकल्यामुळे जड वाटणे आणि खरी ताकद जाणे यांत फरक असतो. शर्टाचे बटण लावता न येणे, चालताना चवडा घसटणे, टाचांवर चालता न येणे, स्नायू एका बाजूला दिसण्याइतका बारीक होणे, बोलणे अडखळणे, गिळताना ठसका लागणे यांपैकी काहीही असेल तर न्यूरॉलॉजिस्टला भेटावे. मानेतून हाताकडे किंवा कंबरेतून पायाकडे कळ जात असेल आणि बधिरपणा असेल तर मणक्याजवळची नस दाबली गेली असण्याची शक्यता असते. अशा स्थितीत तपासणी होईपर्यंत डेडलिफ्ट (जमिनीवरून जड वजन उचलणे) आणि डोक्यावर वजन उचलण्याचे व्यायाम बंद ठेवावेत. त्यात लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण सुटले तर तासाभराचाही विलंब करू नये.

अतिव्यायामानंतर एक ते तीन दिवसांत स्नायू टणक सुजले, असह्य दुखू लागले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर स्नायूंचा नाश होऊन त्यातील घटक मूत्रपिंडांना इजा करत असण्याची शक्यता असते. घरी पाणी पीत वाट पाहू नये आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके घेऊ नयेत, कारण ती मूत्रपिंडांवरचा भार वाढवतात. थेट रुग्णालयात जावे.

तातडी नसेल, पण उडणे महिनाभर थांबलेच नाही, तर डॉक्टर बहुधा पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि सीके यांच्या रक्ततपासण्या सांगतील. त्यापूर्वी साधारण आठवडाभर जड व्यायाम करू नये, कारण सीके हे स्नायूंमधून रक्तात येणारे द्रव्य निरोगी माणसातही जोरदार व्यायामानंतर अनेक पटींनी वाढते. क्रिएटिन ही ताकदीसाठीची भुकटी घेत असाल तर तेही आवर्जून सांगावे, कारण त्यामुळे रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढलेला दिसतो आणि मूत्रपिंडाचा दोष आहे असा गैरसमज होऊ शकतो.