स्तनाच्या कर्करोगात फोटोडायनॅमिक थेरपी सुचवली गेल्यास

प्रकाशाने सक्रिय होणारा हा उपचार कोणी सुचवला, तर पहिला प्रश्न असा विचारावा, की तो नेहमीच्या उपचारांच्या जोडीला आहे की त्यांच्याऐवजी. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी किंवा हार्मोन उपचार यांची जागा तो घेत नाही, आणि त्यासाठी ते उपचार लांबणीवर टाकणे धोक्याचे आहे, असे माझे ठाम मत आहे. यात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या पोर्फिमर सोडियम या औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली ती अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी. स्तनाच्या कर्करोगात हा उपचार आजही मुख्यतः संशोधनाच्या टप्प्यावर आहे, म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ती वैद्यकीय चाचणी आहे का आणि तिला नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हे विचारून घ्यावे. घरी वापरायच्या लाल प्रकाशाच्या दिव्यांचा या उपचाराशी काहीही संबंध नाही.

दुसरा प्रश्न गाठीच्या खोलीचा. शिरेतून दिलेले औषध गाठीत अधिक काळ टिकून राहते. साधारण ४० ते ५० तासांनंतर त्या जागेवर ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर प्रकाश सोडला, की औषध पेशींतील ऑक्सिजनला अतिशय क्रियाशील बनवते आणि त्यामुळे पेशी मरतात, गाठीच्या बारीक रक्तवाहिन्याही बंद पडतात. मात्र हा प्रकाश ऊतींमध्ये जेमतेम एक सेंटिमीटरपर्यंतच परिणाम साधतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर छातीच्या त्वचेवर पुन्हा उगवलेल्या उथळ गाठींसाठी, विशेषतः तिथे आणखी रेडिएशन देता येत नसेल तेव्हा, त्याचा विचार होतो. या उपचाराचे एक आद्य संशोधक थॉमस डॉहर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुरुवातीच्या रुग्णांतही स्तनाच्या कर्करोगाच्या अशा गाठी होत्या. शरीरात इतरत्र पसरलेल्या आजारावर या प्रकाशाचा इलाज चालत नाही.

पॉर्फिरिया (रक्तातील लाल रंगद्रव्य नीट न बनण्याचा दुर्मिळ आजार) असल्यास पोर्फिमर देत नाहीत. डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविके आणि लघवी वाढवणारी काही औषधेही प्रकाशाची संवेदनशीलता वाढवतात, म्हणून चालू गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवावी.

खरी तयारी घरी करायची असते. इंजेक्शन दिल्यापासूनच त्वचा आणि डोळे किमान ३० दिवस प्रकाशाला हळवे राहतात, त्यामुळे खिडक्यांचे जाड पडदे आदल्या दिवशीच लावून ठेवावेत आणि रुग्णालयात जाताना लांब बाह्यांचे घट्ट विणीचे कपडे, हातमोजे, रुंद काठाची टोपी व गडद चष्मा सोबत न्यावा, मग आभाळ भरलेले का असेना. सनस्क्रीनवर विसंबू नये, कारण ते अतिनील किरण अडवते, तर इथे त्रास दृश्य प्रकाशाचा होतो. दातांच्या डॉक्टरांकडचा प्रखर दिवाही भाजू शकतो. मात्र पूर्ण अंधारात बसून राहू नये. घरातल्या साध्या उजेडाने त्वचेतले औषध हळूहळू निष्क्रिय होते.

उपचार केलेल्या जागी दुखते, सूज येते, नंतर काळी खपली धरते. आधी रेडिएशन झालेल्या त्वचेवरची जखम भरायला बराच वेळ लागू शकतो, तेव्हा खपली ओढून काढू नये. ताप, पू किंवा वाढता रक्तस्राव दिसल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे.

तीस दिवसांनंतर एकदम उन्हात जाऊ नये. कागदी पिशवीला सुमारे पाच सेंटिमीटरचे भोक पाडून ती हातावर चढवावी आणि तेवढीच त्वचा दहा मिनिटे उन्हात धरावी. ही चाचणी चेहऱ्यावर कधीही करू नये. चोवीस तासांत लाली, सूज किंवा फोड आला, तर आणखी दोन आठवडे तीच काळजी घेऊन चाचणी पुन्हा करावी; काहीच झाले नाही, तर उन्हातला वेळ थोडा थोडा वाढवत न्यावा.