फाल्गुन-चैत्रातील तयारी : हिरवळ, कुंड्या आणि घरातील प्राणी

पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा असला, तरी पुणे, नाशिक किंवा सोलापूर यांसारख्या देशावरच्या शहरांत बागेला उपयोगी पडणारा वसंत फेब्रुवारीच्या मध्यापासून गुढीपाडव्याच्या आसपासपर्यंतच असतो. पाडव्यानंतर ऊन इतके वाढते की छाटणी, कुंडी बदलणे किंवा हिरवळ खरवडणे ही कामे झाडांना सोसत नाहीत. म्हणून या काळातील सगळी मशागत येणारा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून करावी. घरात कुत्रा किंवा मांजर असेल, तर बागेचे आणि त्यांचे वेळापत्रक एकत्रच आखावे, कारण आपण सकाळी जमिनीवर जे टाकतो ते संध्याकाळी त्यांच्या पंजांना लागते आणि पंजे चाटताना पोटात जाते.

हिरवळीपासून आरंभ करणे सोयीचे ठरते. हरळीची असो वा मेक्सिकन गवताची, थंडीत वाढ मंदावल्याने तिच्या मुळांशी वाळलेल्या पात्यांचा थर साचतो आणि पाणी त्याच्यावरूनच वाहून जाते. हा थर लोखंडी दाताळ्याने हलक्या हाताने ओढून काढावा, त्यानंतर बागेच्या काट्याने किंवा जाड सळईने चार बोटे खोल छिद्रे पाडावीत आणि पोयटा माती, चाळलेले शेणखत व थोडी वाळू यांचे मिश्रण अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड होणार नाही अशा बेताने पसरावे. शेणखत पुरते कुजलेले असल्याची खात्री करावी, कारण कच्च्या खताबरोबर हुमणी आणि तणाचे बी दोन्ही येतात. युरिया द्यायचाच असेल तर चौरस मीटरला 10 ग्रॅम पुरे होतो. तो टाकल्यावर लगेच भरपूर पाणी द्यावे आणि जमीन पूर्ण वाळेपर्यंत प्राण्यांना तिकडे सोडू नये. कापणी करताना पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी कापू नये. मार्चपासून यंत्राचे पाते थोडे वर ठेवावे, म्हणजे गवताची सावली मातीवर पडून ओल टिकते. लव्हाळ्यासाठी तणनाशकाच्या वाटेला न जाता ओल्या जमिनीतून कुदळीने त्याच्या गाठी उकरून काढणे हाच माझ्या मते घरगुती बागेतील योग्य मार्ग आहे. नुसते वरचे पान उपटले तर गाठीतून तो पुन्हा फुटतो.

मोगऱ्याची छाटणी फेब्रुवारीतच उरकावी. बारीक व आडव्या फांद्या काढून, उरलेली पाने खुडून, मुळांभोवती निंबोळी पेंड मिसळलेले शेणखत द्यावे आणि मग पाणी वाढवावे, म्हणजे नव्या फुटव्यांवर उन्हाळाभर कळ्या येत राहतात. गुलाबाचे मात्र असे नाही: त्याची कडक छाटणी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये करायची असते, आता केवळ सुकलेली फुले आणि वाळक्या काड्या काढाव्यात. भेंडी, गवार, चवळी, काकडी यांचे बी याच दिवसांत पेरता येते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसू लागताच लिटरभर पाण्यात 5 मिलि निंबोळी तेल व थोडा सौम्य साबण घालून संध्याकाळी फवारावे, मात्र मांजर त्या झाडाखाली झोपत असेल तर फवारणी वाळेपर्यंत तिला आत ठेवावे. शिशिरातील पानगळ जाळू नये. तीच कुंडीत व वाफ्यात दोन-तीन बोटे जाड पसरावी, फक्त खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोडावी. उरलेल्या पाल्याचा ढीग कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेपासून दूर असावा.

खताविषयी एक गोष्ट विशेष जपावी लागते, आणि ती रोपवाटिकेत क्वचितच सांगितली जाते. एरंडी पेंड हे चांगले सेंद्रिय खत असले, तरी एरंडाच्या बियांतील रिसिन हे विष तिच्यात उरलेले असू शकते. हाडांच्या चुऱ्याबरोबर ती मिसळली की त्या वासाने कुत्रे कुंडी उकरून ती खातात. असे झाल्यास उलट्या व रक्ताचे जुलाब होऊन प्राण जाण्याचा धोका असतो, आणि लक्षणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही दिसू शकतात. म्हणून कुत्रा असलेल्या घरात एरंडी पेंड आणूच नये, आणि कुत्र्याने ती खाल्ल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांकडे जावे. अडेनियम याच ऋतूत छाटतात. त्याचा चीक विषारी असल्याने छाटलेले तुकडे लगेच उचलावेत. कण्हेर आणि सायकस पाम ही झाडेही प्राण्यांच्या तोंडाला लागतील अशा जागी ठेवू नयेत, आणि मांजर असेल तर फुलदाणीत खऱ्या लिलीची (लिलियम जातीची) फुले नकोत, कारण त्यांचे परागकणही तिच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. नाशिककडची द्राक्षे याच महिन्यांत घरोघरी येतात. ती, तसेच बेदाणे, कुत्र्याला मुळीच देऊ नयेत. आंब्याची कोय आतड्यात अडकते, तेव्हा कचऱ्याच्या डब्याला झाकण हवेच.

उष्मा वाढू लागला की गोचिडांचे प्रमाण वाढते. रक्त पिऊन भरलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते, त्यामुळे केवळ कुत्र्यावर औषध लावून भागत नाही: आंघोळीबरोबरच झोपण्याचे अंथरूण गरम पाण्यात धुणे, भेगा बुजवणे आणि हिरवळीच्या कडेचे गवत आखूड ठेवणे ही कामेही करावी लागतात. अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढावा, चिरडू नये, आणि स्पिरिटमध्ये टाकावा. कुत्रा मलूल झाला, ताप आला किंवा हिरड्या फिकट दिसल्या तर रक्ततपासणी करून घ्यावी, कारण गोचीडतापाची शक्यता असते. कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. मानेवर टाकायच्या थेंबांतील परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते.

एप्रिलपासून फिरवण्याची वेळ सूर्योदयापूर्वी आणि अंधार पडल्यावर ठेवावी. हाताची उलटी बाजू डांबरी रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही तेथे भाजतात. पॉमेरेनियनसारख्या दाट केसांच्या कुत्र्याचे केस मुळापासून काढून टाकण्याचा सल्ला मला पटत नाही, कारण केसांचा आतला थर उन्हापासूनही संरक्षण देतो; विंचरून मोकळा करणे पुरेसे असते. सावलीत दोन ठिकाणी पाणी ठेवावे आणि बागेतील पिपे झाकून, पक्ष्यांच्या पाण्याची भांडी दर दोन दिवसांनी घासून भरावीत, अन्यथा तेथेच डास होतात. पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा जोरजोराने धापा टाकू लागला, लाळ गाळू लागला किंवा तोल जाऊ लागला, तर सावलीत नेऊन पोट, जांघा व पंजे साध्या थंड पाण्याने भिजवावेत, पंखा लावावा आणि ओल्या अंगानेच त्याला दवाखान्यात न्यावे.