फाशी की जन्मठेप : वादविवादाची तयारी कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले की या विषयावर एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘जन्मठेप म्हणजे काय, चौदा वर्षांनी माणूस बाहेर!’ तयारीची सुरुवात हे वाक्य खोडण्यापासूनच करावी. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंतचा कारावास, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केले आहे. चौदाचा आकडा निराळ्या तरतुदीतून येतो. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याखेरीज शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही. पुढे सोडायचे की नाही हे सरकार ठरवते, कैद्याला सुटकेचा हक्क नसतो. ‘जीवावधी शिक्षे’ हा कन्नड शब्द आपल्या ‘जन्मठेपे’पेक्षा हा अर्थ अधिक नेमका सांगतो, हे सीमाभागातल्या वक्त्याने अवश्य वापरावे.

यानंतर प्रश्न नीट मांडावा. खुनाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ नुसार फाशी किंवा जन्मठेप होते. पण १९८० च्या बच्चन सिंग खटल्यापासून जन्मठेप हा नियम आणि फाशी हा ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणापुरता अपवाद आहे. म्हणून गुन्हा किती भयंकर, एवढेच रंगवून भागत नाही. जन्मठेप तिथे अपुरी का ठरते, हे फाशीच्या बाजूने सिद्ध करावे लागते. ‘धाक बसतो’ या मुद्द्यावर मात्र फार विसंबू नये, कारण जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक अधिक असल्याचा पुरावा नाही, असे विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात नोंदवले आहे. त्याच अहवालाने दहशतवादी कृत्ये व देशाविरुद्ध युद्ध यांचा अपवाद ठेवला, हे फाशीविरोधी बाजूनेही लपवू नये.

उदाहरणे जवळचीच घ्यावीत. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला बेळगावच्या कारागृहात सुमारे दहा वर्षे एकांतवासात ठेवले गेले आणि त्या कारणावरून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून किमान तीस वर्षांची जन्मठेप दिली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींची फाशी त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने दयेच्या अर्जावरील विलंबामुळे जन्मठेपेत बदलली. ही उदाहरणे दुधारी आहेत : दोष एकांतवासाचा नि विलंबाचा, शिक्षेचा नव्हे, असे प्रतिपक्ष म्हणणारच, तेव्हा त्याचे उत्तर आधी लिहून काढावे.

स्वामी श्रद्धानंद विरुद्ध कर्नाटक राज्य हा २००८ चा निकाल मात्र मुख्य भाषणात खर्चू नये. त्यात फाशीऐवजी कोणतीही सूट नसलेली, मरेपर्यंतची जन्मठेप दिली गेली. प्रश्नोत्तराच्या फेरीत समोरचा ‘आणि तो सुटून आला तर?’ असे विचारील, तेव्हा हा निकाल पुढे करावा.