अडलंय ते बोला: बेळगावच्या नव्या पोरांसाठी अजाइलबद्दल

खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडची पोरं डिप्लोमा नाहीतर इंजिनिअरिंग संपत आलं की विचारतात, "दादा, स्क्रम मास्टरचा कोर्स करू काय?" अजाइल म्हणजे छोट्या फेऱ्यांत काम करायचं आणि दर फेरीला काय जमलं ते बघून पुढचं ठरवायचं. स्क्रम ही त्यातलीच एक पद्धत, तिच्यातल्या ठरावीक मुदतीच्या फेरीला स्प्रिंट म्हणतात, आणि टीमला ती पद्धत नीट पाळायला मदत करतो तो स्क्रम मास्टर. माझं उत्तर ठरलेलं आहे: आत्ता नको. कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या त्या पदावर सहसा कुणी घेत नाही, आणि घेतलंच तर टीममधली मुरलेली माणसं तुमचं का ऐकतील? आधी टेस्टर व्हा, डेव्हलपर व्हा, कारखान्यात प्लॅनिंगला किंवा क्वालिटीला लागा. मी उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) प्लॅनिंगमध्ये होतो, सॉफ्टवेअरकडे नंतर वळलो. त्याचा तोटा काहीच झाला नाही.

कारण अजाइल हे फक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं, हा समज अर्धाच खरा. अजाइलचा जाहीरनामा त्यांचा, हे कबूल. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी ४ मूल्यं नि १२ तत्त्वं मांडली. पण कानबान, म्हणजे कार्डांवर काम मांडून एका वेळी हातात किती घ्यायचं त्याला मर्यादा घालायची पद्धत, टोयोटाच्या कारखान्यातून आलं, ताइची ओनो यांच्या हाताखाली. आणि उत्पादनविकासाच्या संदर्भात 'स्क्रम' हा शब्द ताकेउची आणि नोनाका यांनी १९८६ च्या लेखात वापरला, तो कॅमेरे, कॉपियर आणि मोटारी बनवणाऱ्यांबद्दल लिहिताना. म्हणजे मच्छे किंवा उद्यमबागेत काम केलेल्या माणसाला यात परकं वाटावं असं थोडंच आहे.

आमच्याकडे भिंतीवर एक पांढरा बोर्ड होता. रकाने असे: पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), कोअर (आतल्या पोकळीसाठीचा गाभा), मोल्डिंग (साचा काढणं), ओतकाम, फेटलिंग (ओतलेल्या मालाचा जास्तीचा धातू घासून काढणं), मशीनिंग, तपासणी, रवाना. प्रत्येक ऑर्डरचं एक कार्ड. आठवडाभर नुसती कार्डं सरकवत राहिलो तरी एक गोष्ट डोळ्यांत भरायची: फेटलिंगच्या रकान्यात कार्डांची गर्दी, मशीनिंगवाले हात बांधून उभे. तरी सगळ्यांची ओरड मोल्डिंग वाढवा, अजून साचे काढा! मग ठरवलं की फेटलिंगला पाचाच्या वर कार्डं जायची नाहीत. पाच भरली की आधीच्या टप्प्यावरच्या दोन माणसांनी तिथे येऊन ग्राइंडर हातात घ्यायचा. सुपरवायझर आठवडाभर फुगून होते. "भट्टी थंड ठेवून पगार कोण देणार?" त्यांचंही खोटं नव्हतं. एकदा धातू वितळला की तो ओतावाच लागतो, 'पुढच्या स्प्रिंटला बघू' तिथे चालत नाही. म्हणून मर्यादा ओतकामावर न घालता आदल्या दिवशीच्या नियोजनावर घातली: उद्याच्या हीटमध्ये (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूत) कोणता माल घ्यायचा, हे फेटलिंगचा रकाना बघून ठरायला लागलं.

सगळीकडे अजाइल लावत सुटू नका, हेही त्याच शेडमध्ये कळतं. हजार नगांची ठरलेली ऑर्डर असेल तर सरळ वेळापत्रक बरं. पण नवीन व्हॉल्व्ह बॉडीचा नमुना करायचा असेल तर? एक ओता, कापून बघा, आत पोकळ्या दिसल्या तर रायझरची, म्हणजे धातू गोठताना जादा धातू पुरवणाऱ्या भागाची, जागा बदला, परत ओता. पहिल्याच दिवशी सगळं कागदावर पक्कं करायला गेलात की पस्तावाल. काय निघणार हे आधी माहीत नसतं, तिथे छोट्या फेऱ्या कामाला येतात.

सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर आपल्याकडच्या पोरांची खरी अडचण वेगळीच दिसते. रोजच्या १५ मिनिटांच्या डेली स्क्रम बैठकीत सगळे सांगतात, "सर, वर्क इज गोइंग ऑन." मराठी शाळेत शिकलेल्याला इंग्रजीची धास्ती असते, हे एक. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोठ्या माणसासमोर काम अडलंय म्हणायचं धाडस आपल्याला घरात-शाळेत कुणी शिकवलेलंच नसतं. त्यामुळे दोन दिवस अडलेलं काम चौथ्या दिवशी उघडं पडतं. त्यापेक्षा साधं सांगा: "लॉगिनचा बग सापडला, पण टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेस नाही, कालपासून थांबलोय. कुणाला विचारू?" मोडक्या इंग्रजीत बोला, हिंदीत बोला. टीममध्ये कन्नड बोलणारे असतील तर 'केलस आय्तु' आणि 'इन्नू आगिल्ला' एवढं तरी येऊ द्या. काम झालं आणि अजून झालं नाही, या दोन वाक्यांवर निम्मी मीटिंग निभावते.

सराव कुठे करायचा? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आयता हाताशी आहे. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) रिव्ह्यूची वाट बघत बसू नका. दोन-दोन आठवड्यांचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्याला गाईडसमोर चालणारं काहीतरी ठेवा, पीपीटी नव्हे. जिरा या कामाचा बोर्ड ठेवायच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती १० जणांपर्यंत चालते, तुमच्या चौघांना भरपूर झाली. तेही नको असेल तर खोलीच्या भिंतीला चिठ्ठ्या लावा.

आता सर्टिफिकेट. स्क्रम गाइड हे स्क्रमचे जनक केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांचं पुस्तक नेटवर फुकट मिळतं. २०२० ची आवृत्ती जेमतेम १३ पानांची आहे, ती आधी वाचा. त्यात स्टोरी पॉइंट (कामाचा आवाका मोजायचं एकक) हा शब्दसुद्धा नाही, आणि क्लासवाले त्यावरच दोन दिवस घालवतात! पीएसएम-१ या स्क्रम मास्टरच्या परीक्षेला क्लासची सक्ती नाही: ६० मिनिटांत ८० प्रश्न, ८५ टक्के लागतात, फी डॉलरमध्ये. सीएसएम या स्क्रम मास्टरच्याच दुसऱ्या सर्टिफिकेटला मात्र कोर्स करावाच लागतो, त्यामुळे खर्च वाढतो. पीएमपीला (प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटला) काही वर्षांचा प्रकल्पाचा अनुभव दाखवावा लागतो. फ्रेशरला 'पीएमपी करून देतो' असं कुणी म्हणालं तर पैसे भरण्याआधी पात्रतेची अट त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

मुलाखतीत स्क्रम आणि कानबानमधला फरक हमखास विचारतात. पाठ केलेली व्याख्या म्हणू नका. स्वतःच्या प्रोजेक्टचा बोर्ड सांगा: कोणता रकाना तुंबला, का तुंबला, आणि तुम्ही चौघांनी त्यावर काय केलं.